नैऋत्येची १० बाय १२ फुटांची खोली : शयनगृहाची पारंपरिक मांडणी आजच्या सदनिकेत कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात आईवडिलांसोबत तुम्ही दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहायला आला आहात आणि तुमच्या वाट्याला घराच्या नैऋत्य कोपऱ्यातील खोली आली आहे. ती पूर्व-पश्चिम १२ फूट आणि दक्षिणोत्तर १० फूट आहे. दक्षिणेची भिंत बाहेरची आणि बिनखिडकीची आहे, पश्चिमेच्या भिंतीत ४ फुटी खिडकी आहे, पूर्वेच्या भिंतीत उत्तर टोकाला दार आहे आणि उत्तरेच्या भिंतीत पूर्व टोकाला स्वच्छतागृहाचे दार आहे. पश्चिम भिंतीपासून ४ फुटांवर ९ इंच रुंदीची, स्लॅबखाली १५ इंच उतरलेली तुळई, म्हणजे आपण सर्रास म्हणतो तो बीम, दक्षिणोत्तर जातो. घर पाहून गेलेल्या एका सल्लागारांनी चार दोष सांगितले. नैऋत्येची खोली कर्त्या माणसाचीच असावी, खोलीच्या ईशान्येला स्वच्छतागृह आले आहे, पलंगावर तुळई येते आणि दार चुकीच्या पदात, म्हणजे वास्तूच्या पारंपरिक आखणीतील चुकीच्या चौकोनात आहे. उपाय म्हणून दार हलवावे आणि पलंगाखाली तांब्याचे पिरॅमिड ठेवावेत, असे त्यांनी सुचवले. नैऋत्येची खोली कर्त्याची, हे ऐकून तुमच्या आईंना काळजी वाटते आहे. यात तथ्य किती आणि परंपरेचा मान राखून खोली कशी लावावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे. जुन्या वाड्यांची मोजमापे घेणे आणि आजच्या सदनिकांची अंतर्गत रचना करणे ही दोन्ही कामे माझ्या हातून बरीच झाली आहेत, आणि संस्कृत वास्तुग्रंथांतील शयनविषयक भाग मी कामापुरते मुळातून वाचलेले आहेत. माझा अनुभव असा की या ग्रंथांतील पुष्कळसे दंडक ऊन, वारा, ओल आणि इमारतीची सुरक्षितता यांच्याशी निगडित आहेत आणि ते आजही कामाचे आहेत. काही दंडक धार्मिक शिष्टाचाराचे आहेत; ते ज्याने त्याने श्रद्धेप्रमाणे पाळावेत. तिसरा एक गठ्ठा मात्र ग्रंथांतही नाही आणि अनुभवातही नाही, तो अलीकडच्या बाजारातून आलेला आहे. तुम्हाला सांगितलेले उपाय प्रामुख्याने या तिसऱ्या गठ्ठ्यातले आहेत.

सर्वांत आधी दिशा नीट ठरवून घ्या. मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ, ग्रिलजवळ किंवा काँक्रीटच्या खांबाला टेकवून धरले तर सहज फसते, कारण खांबात सळया असतात. खोलीच्या मध्यभागी आणि इमारतीच्या बाहेर मोकळ्यावर अशा दोन-तीन ठिकाणी मोजून पाहा, किंवा उपग्रह नकाशावर इमारतीची कड उत्तर रेषेशी किती कोन करते ते पाहा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक अंशभराच्या आतच असल्यामुळे त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पूर्वीचे स्थपती, म्हणजे बांधकामाचे मुख्य जाणकार, उभ्या शंकूभोवती (खुंटीभोवती) वर्तुळ काढून, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक त्या वर्तुळाला जिथे शिवते ते दोन बिंदू जोडत आणि पूर्व-पश्चिम रेषा मिळवत. इमारतीच्या गच्चीवर आजही हे करून पाहता येते, आणि ती रेषा मोबाइलपेक्षा भरवशाची असते. पुण्यातील कितीतरी इमारती रस्त्याच्या कलाप्रमाणे वीस-तीस अंश वळलेल्या असतात. अशा वेळी ‘नैऋत्येची खोली’ प्रत्यक्षात दक्षिणेची किंवा पश्चिमेची निघते आणि निम्मा वाद तिथेच संपतो. तुमची खोली खरोखरच नैऋत्येची आहे असे धरून मी पुढे लिहितो.

‘खोलीच्या ईशान्येला स्वच्छतागृह’ या आक्षेपात एक मूलभूत घोटाळा आहे. वास्तुपुरुषमंडल, म्हणजे वास्तूच्या जागेची चौकोनी पदांत केलेली आखणी, ६४ पदांचे असो वा ८१ पदांचे, ग्रंथांमध्ये ते मांडले जाते ते संपूर्ण वास्तूवर, आणि ८१ पदांच्या मंडलात मधली ९ पदे ब्रह्मस्थान म्हणून मोकळी सोडायची असतात. आपल्या वाड्यांतला चौक हे त्याचेच जिते-जागते रूप आहे. तुमच्या खोलीच्या ईशान्येस लागून असलेले स्वच्छतागृह संपूर्ण घराच्या हिशेबाने पश्चिम बाजूला पडते. प्रत्येक खोलीवर, मग प्रत्येक टेबलावर आणि शेवटी प्रत्येक खणावर वेगळे मंडल बसवू लागलो तर कोणत्याही घरात दोष सापडेलच. सल्लागाराला ते सोयीचे असते, राहणाऱ्याला नसते.

नैऋत्य कर्त्याची, या विधानाकडे वळू. बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथात ज्योतिषी वराहमिहिराने ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैऋत्येला भांडीकुंडी व घरातील सामानसुमान आणि वायव्येला धन-धान्य सांगितले आहे. शके १५२२ मध्ये काशीला रचलेल्या मुहूर्तचिंतामणी या ज्योतिषग्रंथात रामदैवज्ञ आणखी बारीक वाटणी करतो: पूर्वेपासून क्रमाने स्नान, पाक, शयन, अस्त्रे, भोजन, धान्य, भांडार आणि देवता. म्हणजे झोपण्याची जागा दक्षिणेला येते आणि नैऋत्येला शस्त्रागार येते. या आठांच्या मधल्या जागाही त्याने सांगितल्या आहेत. त्यांत दक्षिण आणि नैऋत्य यांच्या मध्ये शौचाची जागा आहे, नैऋत्य आणि पश्चिम यांच्या मध्ये विद्याभ्यासाची, तर वायव्य आणि उत्तर यांच्या मध्ये दांपत्याच्या एकांताची. आज ज्याला ‘मास्टर बेडरूम’ म्हणतात ती नैऋत्येलाच हवी, असा स्पष्ट दंडक या दोन्ही ठिकाणी नाही. जड सामान, शस्त्रे आणि भरभक्कम बांधणी नैऋत्येला असावी, यावरून ‘घरातील वजनदार माणूसही तिथेच’ असा अर्थ मागाहून काढला गेला असावा, असे मला वाटते.

तेव्हा तुमच्या आईंची काळजी समजण्यासारखी असली तरी केवळ या कारणासाठी खोल्यांची अदलाबदल करू नये. तुम्ही दिलेल्या आराखड्यात आईवडिलांची खोली पूर्वेला आहे. तिथे सकाळचे ऊन येते, दुपारनंतर ती थंड राहते आणि स्वच्छतागृह चार पावलांवर आहे. साठीच्या पुढच्या माणसांना याहून चांगली जागा या घरात नाही. उलट तुमच्या खोलीची पश्चिम बाजू मुहूर्तचिंतामणीच्या वाटणीत विद्याभ्यासाची येते. घरून काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून बरे वाटेल.

परंपरेत ‘माझी स्वतःची खोली’ ही कल्पना फारशी नव्हती, हेही लक्षात घ्यावे. वाड्यात बायका-मुले माजघरात, पुरुष ओसरीवर किंवा सोप्यात निजत. अंथरुणे रात्री पसरायची आणि सकाळी गुंडाळून ठेवायची. माडीवरचे शेजघर नवराबायकोचे असे. त्यामुळे अभ्यास, काम, कपडे, झोप आणि एकांत हे सगळे एकाच १२० चौरस फुटांत बसवण्याचा आपला प्रश्न ग्रंथकारांपुढे नव्हताच. आपण त्यांच्याकडून तत्त्व घ्यायचे आणि मांडणी आपली आपण करायची.

आता मुख्य गोष्ट. लहान खोलीत पहिला निर्णय उशाचा, बाकी सगळे त्याच्यामागून येते. विष्णुपुराणात पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे डोके करून झोपणे प्रशस्त सांगितले आहे आणि उलट दिशा रोगकारक म्हटल्या आहेत. बृहत्संहितेतही उत्तरेला आणि पश्चिमेला उसे नको, असे आहे. त्याच श्लोकात धान्य, गाय, गुरू, अग्नी आणि देव यांच्या वरच्या बाजूला, वंशाच्या म्हणजे आढ्याच्या रेषेला धरून, नग्न आणि ओल्या पायांनी झोपू नये, असेही सांगितले आहे. ओल्या पायांनी अंथरुणात शिरू नये हे माझ्या आजीनेही मला कोणताही ग्रंथ न वाचता सांगितले होते. घरी पूर्वेला, सासरी दक्षिणेला, प्रवासात पश्चिमेला उसे चालेल पण उत्तरेला कधीही नाही, असा आणखी एक श्लोक जुन्या माणसांच्या तोंडी असतो. या सर्वांत उत्तरेचा निषेध समान आहे, आणि मृतदेह उत्तरेकडे डोके करून ठेवण्याच्या रूढीमुळे तो लोकमानसात घट्ट बसला आहे.

या निषेधाला अलीकडे चुंबकत्वाचे कारण जोडले जाते: रक्तात लोह असते, पृथ्वी चुंबक आहे, म्हणून उत्तरेला डोके केले की रक्त मेंदूकडे ओढले जाते. हे स्पष्टीकरण सोडून द्यावे. हिमोग्लोबिनमधील लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे चुंबकाकडे धावत नाही. रुग्णालयातील १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या ढोबळमानाने तीस हजार पट असते आणि त्यात अर्धा तास निजूनही कोणाचे रक्त डोक्याकडे गोळा होत नाही. परंपरा पाळायची तर ती परंपरा म्हणून सरळ पाळावी. तिला उसन्या विज्ञानाच्या कुबड्या दिल्या की तीच लंगडी दिसू लागते.

तुमच्या खोलीपुरते मात्र दक्षिणेकडील उशासाठी एक वेगळे आणि भक्कम कारण आहे, ते सूर्याच्या मार्गाचे. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला इथे माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांच्या आसपास उतरलेला असतो, तेव्हा तीच भिंत दिवसभर उबते आणि थंडीच्या रात्री ती ऊब हवीशी असते. पश्चिमेच्या भिंतीचे तसे नाही. वर्षाचे बाराही महिने दुपारनंतर तिरपे ऊन तिच्यावर येते, मार्च ते मे या काळात ती चांगलीच तापते आणि ६ इंची भिंतीतून ती उष्णता रात्री नऊ-दहाच्या सुमारास खोलीत उतरते, म्हणजे नेमकी आपण पाठ टेकतो तेव्हा. पश्चिमेला उसे असलेल्या माणसाला मे महिन्यात भिंतीला हात लावून पाहायला सांगा, त्याला श्लोकाची गरज पडणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दक्षिण भिंतही तापते, हे खरे; म्हणून पलंगाची पाठ भिंतीला चिकटवू नये, मध्ये ३-४ इंचांची फट ठेवून वरखाली हवा खेळू द्यावी.

आता मापे मांडू. दक्षिण भिंत १२ फूट लांब आहे. पश्चिम कोपऱ्यापासून ४ फूट सोडल्यावर तुळई सुरू होते आणि ४ फूट ९ इंचांवर संपते. तिथून पूर्व भिंतीपर्यंत ७ फूट ३ इंच उरतात. तुम्हाला ६ फुटी गादी हवी आहे असे तुम्ही लिहिले आहे. ती घेतल्यास एक तर पलंग तुळईखाली सरकेल किंवा पूर्वेकडे पाय ठेवायला जागा उरणार नाही. एका माणसाच्या खोलीत ५ फुटी गादी पुष्कळ झाली. चौकट धरून ५ फूट ३ इंचांचा पलंग तुळईची पूर्व कड सोडून लगेच ठेवला, की पूर्वेला बरोबर २ फूट मोकळे राहतात. उशामागची फट धरून पलंग दक्षिणोत्तर ७ फूट जागा घेईल आणि पायथ्याशी ३ फुटांची वाट राहील. दार नेमके त्या वाटेवर उघडते, त्यामुळे दारातून पाहणाऱ्याला आधी पलंगाचा पायथा दिसतो, झोपलेल्याचे तोंड नव्हे, आणि झोपलेल्याला मात्र दार तिरके दिसत राहते. शयनगृहात हा आडोसा महत्त्वाचा असतो. जुन्या शेजघरांची दारेही बहुधा कोपऱ्याजवळ असत, ती याच कारणाने असावीत.

दार हलवण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. दाराची जागा उत्तम आहे. अडचण आहे ती फळीची: ती आज उत्तर बाजूच्या बिजागऱ्यांवर फिरते आणि उघडली की स्वच्छतागृहाच्या दारावर जाऊन आदळते. बिजागऱ्या दक्षिण बाजूच्या चौकटीवर घ्या, म्हणजे फळी पूर्व भिंतीला टेकून राहील. सुताराचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. भिंत फोडण्याचा राडारोडा, सोसायटीची परवानगी आणि फरशीचे जोड यांतून सुटका होईल.

तुळईचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. वाड्यात तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्यांचा कडीपाट आणि त्यावर मातीचा थर असे. कुठे वाळवी लागली, कुठे लाकूड वाकले की पहिली माती आणि मग फळी तुळईच्या कडेनेच खाली येई, आणि पाली-विंचवांची ये-जाही तिथूनच असे. तिच्याखाली झोपू नये हा साधा शहाणपणा होता. काँक्रीटच्या तुळईपासून तसा धोका नाही, पण अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांसमोर १५ इंच उतरलेला जड पट्टा आणि त्याच्या एका बाजूला पंख्याच्या सावल्या, हे मनाला नकळत टोचते. वरच्या मांडणीत पलंग तुळईच्या बाहेर आल्यामुळे प्रश्न मिटतोच. ती झाकण्यासाठी खोलीभर खोटे छत करू नका. तुमच्या स्लॅबची उंची साडेनऊ फूट आहे. तुळईच्या पातळीवर छत घेतले तर ती ८ फूट ३ इंच होईल. राहण्याच्या खोलीला २.७५ मीटर म्हणजे ९ फूट उंची असावी असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात डोक्यावरची ती हवा खरोखर उपयोगी पडते.

त्याऐवजी तुळई आणि पश्चिम भिंत यांमधल्या ४ फुटांत, दक्षिण भिंतीला पाठ लावून, २ फूट खोलीचे आणि थेट छतापर्यंत जाणारे कपाट करा. जड वस्तू नैऋत्येला, हा दंडक आपोआप पाळला जातो. कपाटाच्या कडेत तुळईचे टोक दडते, आणि खोलीचा सर्वांत तापणारा कोपरा माणसाऐवजी कपड्यांच्या वाट्याला जातो. दोन गोष्टी सुताराला बजावून सांगा. कपाटाची पाठ भिंतीपासून २ इंच दूर हवी आणि तळाशी व माथ्याशी झरोक्याच्या पट्ट्या हव्यात. बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात श्रावणात बुरशी धरते आणि रेशमी साड्यांना तो वास वर्षभर सोडत नाही.

स्वच्छतागृहाबद्दल दिशेपेक्षा पाणी, वास आणि आवाज यांचा विचार करा. पूर्वी ते मुख्य घरापासून लांब, परसात असे. त्यामुळे शयनगृहाला लागून ते आल्यास काय करावे याचे उत्तर ग्रंथांत शोधणे व्यर्थ आहे. तुमच्या मांडणीत उसे दक्षिणेला असल्याने नळांची भिंत डोक्यामागे येत नाही, हा मोठा लाभ. मधल्या रात्री वरच्या मजल्यावरचे पाणी नळीतून धडधडत उतरते तेव्हा त्या भिंतीशी डोके असणे फार त्रासाचे असते. दाराखाली पाऊण इंचाचा दगडी उंबरा ठेवा, हवा बाहेर फेकणारा पंखा दिव्याच्या बटणाला जोडून घ्या आणि दार आपोआप मिटेल अशी सोय करा. मिठाच्या वाट्या ठेवण्याने ओल कमी होत नाही. पंखा वीस मिनिटे चालू राहिला तर होते.

पलंगाविषयी बृहत्संहितेत एक स्वतंत्र अध्याय आहे आणि तो वाचताना मजा येते. राजाचा पलंग १०० अंगुळे लांब, राजपुत्राचा ९०, मंत्र्याचा ८४, सेनापतीचा ७८ आणि पुरोहिताचा ७२. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर राजाचा पलंग सव्वासहा फुटांचा होतो, म्हणजे आजच्या साडेसहा फुटी गादीपेक्षाही तोकडा. रुंदी लांबीच्या निम्म्याहून एक अष्टमांशाने कमी, म्हणजे पावणेतीन फुटांच्या आसपास, आणि पायांची उंची लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे जवळपास २ फूट. पलंग अरुंद आणि उंच असे, आणि त्याखालून हवा व केरसुणी दोन्ही मोकळेपणाने फिरत. सागवान, शिसव, देवदार, साल, शिवण, चंदन ही लाकडे चांगली म्हटली आहेत. वीज पडलेले, वाऱ्याने किंवा हत्तीने पाडलेले, मधाचे पोळे किंवा पक्ष्यांची घरटी असलेले, स्मशानातले किंवा वेलींनी जखडलेले झाड वर्ज्य आहे. चार जातींपर्यंत लाकडे एकत्र वापरलेली चालतात, पाच वापरली तर झोपणारा पंचत्वाला जातो, अशीही तंबी आहे. आजच्या प्लायवूडच्या पापुद्र्यांत किती जाती असतात हे वराहमिहिराला कळले असते तर त्याने काय लिहिले असते, याचा विचार न केलेलाच बरा.

यातून घ्यायचे काय? परवडत असेल तर पलंगाची चौकट आणि पाय सागवानी करा, पाट्या प्लायवूडच्या चालतील. जमिनीपासून निदान ८-१० इंच मोकळे ठेवा. खालचा पूर्ण खोका करून त्यात सामान भरण्याची पद्धत मला मनापासून आवडत नाही, कारण तिथे धूळ, ओल आणि नको असलेल्या वस्तू तिन्ही साठतात. पण लहान घरात जागेची निकड असते, हेही मी जाणतो. तेव्हा फक्त पायथ्याकडच्या अर्ध्या भागात दोन खण करा आणि त्यांत रजया, चादरी, पाहुण्यांच्या उशा एवढेच ठेवा. उशाकडचा अर्धा भाग मोकळा राहू द्या. भंगार उपकरणे, जुनी कागदपत्रे आणि तुटके सामान पलंगाखाली नको. इथे धर्म, आरोग्य आणि नीटनेटकेपणा यांचे एकमत आहे.

हवेसाठी खिडकीच्या उलट बाजूला वाट असावी लागते. पुण्यात उन्हाळी संध्याकाळचा आणि पावसाळ्यातला वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो, म्हणजे तुमची खिडकी वाऱ्याच्या तोंडाशी आहे. पण दार मिटले की वारा आत येतच नाही, कारण त्याला जायला जागा नाही. दारावर १ फूट उंचीचा झडपांचा झरोका काढून घ्या. वाड्यांत छताशी असलेले झरोके हेच काम करीत आणि तापलेली हवा तिथून निघून जाई. पश्चिमेचे ऊन आडवे येत असल्याने खिडकीवरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. बाहेरच्या बाजूला बांबूची चिक लावता आली तर उत्तम, कारण उष्णता काचेच्या आत शिरण्याआधीच थांबते. सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल तर आतून जाड, फिक्या अस्तराचा पडदा लावा आणि एप्रिल-मेमध्ये वाळ्याचा पडदा ओला करून पाहा. कोरड्या हवेत तो अजूनही चांगले काम करतो.

कामाचे टेबल उत्तर भिंतीला, पश्चिम कोपऱ्याकडे ठेवा. बसल्यावर तोंड उत्तरेला येते, जे अभ्यासासाठी रूढ आहेच, आणि खिडकी डाव्या हाताला येत असल्याने उजव्या हाताने लिहिताना कागदावर सावली पडत नाही. टेबल साडेतीन फुटांपेक्षा मोठे करू नका आणि संगणक झाकता येईल असे एक झडपेचे दार त्याला द्या. शयनगृहात काम दिसत राहिले की झोप येत नाही, ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींत सर्वांत जास्त आढळते. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानले आहे. तेव्हा या खोलीत झोप आणि टेबल यांची ओढाताण झालीच तर टेबलाने माघार घ्यावी.

आरसा, रंग आणि देवाच्या तसबिरी यांवर फार शाई खर्च करण्यासारखे नाही. पलंग आरशात दिसू नये हा आग्रह मुख्यत्वे चिनी फेंगशुईतला आहे. तरी अर्धवट जागे असताना आरशातली हालचाल दचकवते, म्हणून आरसा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा. पश्चिम भिंत फिकी ठेवा. गेरू किंवा मातकट रंगाची आवड असेल तर तो दक्षिणेच्या भिंतीवर, उशामागे द्या. दिवे पिवळसर प्रकाशाचे, २७०० ते ३००० केल्व्हिनचे घ्या आणि एक बटण पलंगावरून हात पोचेल असे ठेवा. घरात देवघर असताना शयनगृहात वेगळे देव मांडू नयेत, एवढा शिष्टाचार पाळला की पुरे. पलंगाच्या पूर्वेकडील २ फुटांत टेबल ठेवण्यापेक्षा वाड्यातल्या कोनाड्यासारखी, भिंतीवरची ४ इंच खोल लाकडी पेटी करा. ६ इंची भिंत कोरता येत नाही, पण तांब्या, चष्मा आणि पुस्तक ठेवायला एवढी पेटी पुरते आणि जमीन झाडायला मोकळी राहते. तांब्याच्या पिरॅमिडांचा उल्लेख मी वाचलेल्या कोणत्याही जुन्या ग्रंथात नाही. आईंच्या समाधानासाठी काही करायचेच असेल तर गुरुजींना बोलावून वास्तुशांत करा. ती आपली रीत आहे, आणि त्यानिमित्ताने चार माणसे जेवूनही जातात.

सुताराला काम सांगण्यापूर्वी खडूने जमिनीवर पलंग, कपाट आणि टेबल यांच्या कडा प्रत्यक्ष मापाने आखा. दार उघडून, कपाटाचे दार किती फिरते ते पुठ्ठ्याने पाहून, रात्री अंधारात स्वच्छतागृहापर्यंत चालून बघा. मग आखलेल्या जागी नुसती गादी टाकून दक्षिणेकडे डोके करून आठवडाभर झोपा, जमल्यास मधल्या एका रात्री पूर्वेकडे डोके करूनही पाहा. पूर्वेचे उसे अधिक मानवले, तर पलंगाची मांडणी पूर्ण बदलावी लागेल: पलंग पूर्व भिंतीला, दक्षिण कोपऱ्यात सरकवावा लागेल, पायथ्याचे टोक तुळईच्या थोडे आधी थांबेल आणि उशामागची फट धरून तिथे जेमतेम काही इंच उरतील. तेही बसते, मात्र अशा वेळी गादी ४ फुटीच घ्यावी लागेल, कारण ५ फुटी घेतली तर पलंग दाराच्या वाटेत येऊ लागतो.